नदीस नाला म्हणणारे आम्ही

सन २०२५ च्या सप्टेंबराच्या अखेरीस पैठणच्या नाथसागराचे दरवाजे उघडून गोदावरींत दोन लाख क्युसेकांहून अधिक पाणी सोडावें लागलें, आणि पैठणच्या सखल भागांतील हजारों माणसांस घरें सोडून उंचावर आसरा घ्यावा लागला. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदास सुमारें अठ्ठावीस लिटर. त्यावरून दोन लाखांचा हिशेब ज्याचा त्यानें करावा. त्याच आठवड्यांत आमच्या परिचयाचीं तीन सुशिक्षित कुटुंबें डबे बांधून, मुलांबाळांसह, 'पाणी पाहावयास' पैठणास निघण्याच्या बेतांत होतीं. आम्हांसही आग्रह झाला. आम्ही गेलों नाहीं. परंतु त्यांत आमचें शहाणपण कांहीं नव्हतें, घरांत मुलास ताप होता इतकेंच. कारण त्यापूर्वीं अनेक पावसाळ्यांत खाम नदीच्या पुलावर, कठड्यास पोट टेकून, गढूळ पाणी पाहत आम्ही स्वतः उभे राहिलों आहों. आणि एकदां तर शेजाऱ्यांच्या लहान मुलीस नीट दिसावें म्हणून तिला उचलून आम्हीं त्या कठड्यावर बसविलें होतें. ती आज महाविद्यालयांत शिकते, ही ईश्वराची कृपा, आमची नव्हे.

हा कबुलीजबाब आरंभींच दिला, कारण पुढें जें लिहावयाचें आहे तें कोणा परक्याविषयीं नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, छत्रपति संभाजीनगरांत, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेंत, पुराचा धोका जितका ढगांपासून आहे तितकाच तो आमच्या सुशिक्षित वर्गाच्या विस्मृतीपासून आहे. आणि या विस्मृतीचा पुरावा शोधण्यास दूर जावें लागत नाहीं, तो एका शब्दांत सांपडतो. खामेस आम्ही 'नाला' म्हणतों. "नाल्यापलीकडे जागा स्वस्त आहे," "नाल्याचा वास येतो, खिडकी लावून घ्या," "नाला ओलांडला कीं डावीकडे वळा," अशीं वाक्यें आमच्या घरोघर रोज ऐकूं येतात, आणि तीं उच्चारतांना आपण एका नदीविषयीं बोलत आहों हें कोणाच्या मनांतही येत नाहीं.

शब्दांनीं काय होतें, असें कोणी विचारील. पुष्कळ होतें. नदी म्हटली कीं तिला उगम असतो, पात्र असतें, काठ असतो, आणि तिला पूर येतो. नाल्यास यांपैकीं कांहीं नसतें. त्यास केवळ रुंदी असते व दुर्गंधि असते. नदीवर पूल बांधावा लागतो; नाल्यावर फरशी टाकून दुकान काढतां येतें. नदीस पूर आला तर मनुष्य आपण कोठें राहतों याचा विचार करितो. नाला भरला तर तो महानगरपालिकेस शिव्या देतो. खाम नदी जटवाड्याच्या डोंगरांकडून येते, हर्सूलचा तलाव भरते, पुढें बेगमपुरा, मकाई दरवाजा, पाणचक्की व बारापुल्ला यांवरून छावणीच्या बाजूनें वाळुजेकडे उतरते आणि शेवटीं त्याच नाथसागरास मिळते, ज्याचे दरवाजे पाहावयास आम्ही डबे बांधून जातों. वर्षाचे सात-आठ महिने तिच्यांत आमच्याच घरांचें सांडपाणी तेवढें वाहतें. या सात-आठ महिन्यांत आम्ही तिचें नांव ठरवितों, आणि तिची रुंदीही ठरवितों. पूर्वेकडे चिकलठाण्याच्या अंगास सुखना नदी आहे. तिची कथा निराळी नाहीं. शहराच्या पोटांतून खामेस मिळणारे जे लहान ओढे होते ते तर आतां नकाशावर शोधावे लागतात. औरंगपुऱ्याच्या बाजारांत ज्या ठिकाणीं आम्ही भाजी व औषधें घेतों त्याच्या खालून पाणी वाहतें, हें तेथें नित्य जाणाऱ्यांपैकीं किती जणांस ठाऊक आहे?

हा शब्दाचा खेळ मुंबईनेंही खेळून पाहिला आहे. मिठी ही नदी आहे, हें मुंबईतील बहुसंख्य शिकलेल्या लोकांस २६ जुलै २००५ या दिवशीं कळलें. त्या दिवशीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे आमच्या या जिल्ह्यांत एका वर्षांत सरासरीनें जितका पडतो त्याहून अधिक, एका दिवसांत. आपल्या मोटारींत, कांचा वर करून, पाणी ओसरण्याची वाट पाहत बसलेलीं माणसें त्या मोटारींतच गुदमरून मेलीं. तीं झोपडींत राहणारीं नव्हतीं, निरक्षर नव्हतीं. दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रें 'मिठी नदी' असें लिहूं लागलीं.

जुन्या राजवटींचे पोवाडे गाण्याचा आमचा हेतु नाहीं. तथापि ज्यानें हें शहर सन १६१० च्या सुमारास खडकी या नांवानें वसविलें, त्या मलिक अंबरास पाण्याचा उतार कळत होता, हें मान्य करावें लागतें. डोंगरांतील झऱ्यांचें पाणी जमिनीखालून शहरांत आणणारी त्याची नहर पुढें कैक पिढ्या चालली, व त्याच पद्धतीनें दुरून आणलेल्या पाण्यावर अठराव्या शतकांत पाणचक्की फिरूं लागली. नहर ही पुराचा बंदोबस्त नव्हे. ती तहानेचा बंदोबस्त आहे, आणि दोहोंची गल्लत आमचे स्थानिक इतिहासप्रेमी कधींकधीं करितात. परंतु पाणचक्कीच्या बाजूचा महमूद दरवाजा, मकाई दरवाजा, बारापुल्ला दरवाजा यांकडे पाहावें. प्रत्येक दरवाज्यापुढें पूल आहे. ज्यांनीं ते बांधले त्यांनीं नदी ही शहराची सीमा धरिली, आणि तिच्याकडे तोंड करून वेशी उभारल्या. आम्हीं मात्र तिच्याकडे घरांची मागील भिंत केली.

हा प्रांत ज्या निजामी राज्यांत होता त्याच्या राजधानीचेंही एक उदाहरण आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजीं हैदराबादेस मुसी नदीनें जो प्रलय केला त्यांत सुमारें पंधरा हजार माणसें दगावल्याचा अंदाज सांगतात. अफझलगंजच्या बाजूस, नदीकाठीं, चिंचेचें एक झाड आहे. त्याच्या फांद्यांवर बसून दीडशेंच्या आसपास माणसें वांचलीं, अशी तेथील प्रसिद्ध आख्यायिका आहे. पुढील वर्षीं विश्वेश्वरय्यांस पाचारण झालें. त्यांनीं कांठावर नुसत्या भिंती घालण्याचा सल्ला न देतां, शहराच्या वरच्या अंगास पाणी अडवून धरणारे जलाशय बांधावे असें सुचविलें, व त्यांतून १९२० मध्यें उस्मानसागर आणि १९२७ मध्यें हिमायतसागर उभे राहिले. इतक्या मोठ्या धड्यानंतर तरी ती नगरी शहाणी व्हावयास हवी होती. पण पुढें पुढें मुसी ही कोरडी, घाणेरडी, रिकामी जागा दिसूं लागली, आणि त्या जागेंत, नदीच्या मध्यावर, शहराचें मुख्य बसस्थानक बांधण्यांत आलें. सन २०२५ च्या त्याच सप्टेंबरांत, त्याच दोन जलाशयांचे दरवाजे उघडावे लागले, तेव्हां मुसी त्या बसस्थानकांत शिरली आणि प्रवाशांस तेथून सोडवून न्यावें लागलें. अभियंता धरण बांधून देऊं शकतो. लोकांची स्मरणशक्ति बांधून देणें त्याच्या हातीं नसतें.

आतां आमचे मित्र दोन आक्षेप घेतात, त्यांचा विचार करूं. पहिला असा कीं, मराठवाडा हा दुष्काळी मुलूख. येथें पुराची भीति दाखविणें म्हणजे उपाशी माणसास अजीर्णाचें पथ्य सांगणें होय. हा आक्षेप ऐकावयास गोड आहे, आणि तो घेणाऱ्यांपैकीं कित्येकांनीं टँकरच्या रांगेंत उभे राहून पाणी भरलें आहे, म्हणून त्याचा अवमान आम्ही करणार नाहीं. पण सन २०१६ हें वर्ष आठवावें. त्या एप्रिलांत लातुरास मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी न्यावें लागलें. आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत त्याच लातूर जिल्ह्यांत पुरांत अडकलेल्या माणसांस सोडविण्यास पथकें धाडावीं लागलीं. एकच जिल्हा, एकच वर्ष. ऑगस्ट २०२५ मध्यें नांदेड जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यांत हसनाळ येथें पाणी गांवांत शिरून माणसें गेलीं. दुष्काळ आणि पूर हे एकमेकांचे वैरी नव्हत, एका घरांतले भाऊ आहेत. वर्षाचा पाऊस कमी असला म्हणून तासाचा पाऊस कमी असतो, असें थोडेंच आहे! सरकारी दप्तरांत एका महसूल मंडळांत चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटर पाऊस झाला म्हणजे 'अतिवृष्टि' लिहितात. हा पाऊस रात्रभर रिमझिमला तर पिकें डोलतात. तोच एका तासांत कोसळला तर एका चौरस किलोमीटरावर पासष्ट हजार टन पाणी उतरतें, आणि जेथें जमिनीवर डांबर व काँक्रीट आहे तेथें त्यास खालीं मुरण्यास वाट नसते. वर्षानुवर्षें कोरडा राहिलेला ओढा तर अधिकच घातक, कारण त्याची वाट मध्यंतरीं कोणीतरी वापरावयास घेतलेली असते.

दुसरा आक्षेप अधिक लबाडीचा आहे. "नदींत अतिक्रमण करितात ते झोपडपट्टीवाले, त्यांस हलवा म्हणजे झालें." काठावरील गरिबांची वस्ती डोळ्यांस दिसते, ही गोष्ट खरी, पण ती दिसते म्हणून आमची दिसत नाहीं. या शहराच्या सभोंवार शेतें गुंठ्यागुंठ्यानें विकून ज्या वसाहती झाल्या, त्यांत शिक्षक आहेत, बँकेंतले कर्मचारी आहेत, वाळुजेच्या व चिकलठाण्याच्या कारखान्यांतले अभियंते आहेत. शेतांतला ओढा कोणाच्या गुंठ्यांत गेला, याची चौकशी खरेदीखताच्या वेळीं आम्हांपैकीं कितीजणांनीं केली? पुढें सन २००१ चा गुंठेवारीचा कायदा आला, २०२१ मध्यें त्याची मुदत वाढली, आणि पैसे भरून घरें नियमित झालीं. घर नियमित झाल्याचा दाखला कपाटांत असतो, तो पाण्यानें वाचलेला नसतो.

नद्यांच्या काठीं पाटबंधारे खातें दोन रेषा आंखतें. सरासरीनें पंचवीस वर्षांतून एकदां येणारा पूर जेथवर पोंचतो ती निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदां येणारा जेथवर पोंचतो ती तांबडी. निळ्या रेषेच्या आंत बांधकाम नसावें, दोहोंच्या मध्यें असलेंच तर निर्बंधांनीं असावें, असा नियम आहे. आमचे लोक 'शंभर वर्षांतून एकदां' हे शब्द ऐकून निश्चिंत होतात. शंभर वर्षें कोण जगतो! पण याचा अर्थ इतकाच कीं, कोणत्याही एका वर्षीं तो पूर येण्याचा संभव शंभरांत एक. घरासाठीं घेतलेलें कर्ज तीस वर्षें फेडावयाचें असेल, तर गणित करून पाहावें: त्या तीस वर्षांत तांबड्या रेषेवरच्या घरांत एकदां तरी पाणी येण्याचा संभव शंभरांत सव्वीस आहे, आणि निळ्या रेषेवरच्या घरांत शंभरांत सत्तरांहून अधिक. मुलीच्या स्थळाची पत्रिका तीन-तीन ज्योतिष्यांस दाखविणारा पिता घर घेतांना तलाठ्याकडे जाऊन ओढ्याचा जुना नकाशा पाहत नाहीं, याचें आम्हांस नेहमीं नवल वाटतें.

घराची गोष्ट झाली. परंतु पुरांत आमच्या वर्गाचीं माणसें घरापेक्षां रस्त्यावर अधिक मरतात, आणि तेंही बहुधा एका विशिष्ट ठिकाणीं: फरशी पुलावर. जिल्ह्यांतल्या लहान रस्त्यांवर असे बुटके पूल जागोजाग आहेत. त्यांवरून पाणी वाहूं लागलें म्हणजे दोन्ही बाजूंस गाड्या थांबतात, थोडा वेळ चर्चा होते, मग कोणीतरी एक जण "एवढ्याशा पाण्यास काय भ्यावयाचें" म्हणून पुढें घालतो. आमचे एक शिक्षकमित्र सहकुटुंब लग्नाहून परततांना असेच पुढें झाले. गाडी मधोमध बंद पडली. आणि मागें ट्रॅक्टर घेऊन उभ्या असलेल्या एका शेतकऱ्यानें दोर टाकला नसता तर हा मजकूर आम्ही निराळ्या स्वरांत लिहिला असता. मित्र विज्ञान शिकवितात. म्हणून त्यांच्याच विषयाच्या भाषेंत सांगतों. लहान मोटारीचें वजन एक हजार किलोच्या आसपास, तिच्या तळाचें क्षेत्र पांच चौरस मीटरांहून थोडें अधिक. तळाच्या वर वीस सेंटिमीटर पाणी चढलें कीं विस्थापित पाण्याचें वजन एक टनाच्या घरांत जातें, आणि गाडी तरंगूं लागते. तळ जमिनीपासून वीतभर उंच, त्यावर हे वीस सेंटिमीटर. म्हणजे गुडघ्याएवढें पाणी झालें. तेंही स्थिर पाण्यांत. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा धक्का चौपट होतो, म्हणून चाकांचा जोर कमी होतांच गाडी आडवी सरकते. उभ्या माणसाचे पाय तर घोट्याच्या वर वीतभर पाणीही काढून घेतें. शिवाय त्या गढूळ पाण्याखालीं फरशी शिल्लक आहे कीं मध्येंच खचली आहे, हें वरून कोणास दिसतें?

गाडी पाण्यांत अडकलीच तर वाट पाहूं नये. दाराबाहेर अर्धा मीटर पाणी झालें म्हणजे दारावर सव्वाशें किलोच्या आसपास दाब पडतो. तें दार घरांतली स्त्री काय, तालमींतला पहिलवानही सहजीं उघडूं शकत नाहीं. पाणी कांचेखालीं आहे तोंवरच खिडकी उघडावी, मुलांस आधीं बाहेर काढावें, आणि गाडीचा मोह सोडावा. गाडीचा विमा असतो, हें आमच्या मित्रांस त्या क्षणीं आठवलें नाहीं. घड्याळ, लग्नांतल्या आहेराच्या साड्या व मोबाइल मात्र आठवले.

घरांत पाणी येण्याचीं चिन्हें दिसतां, हात व जमीन कोरडी असतांनाच विजेचा मुख्य खटका बंद करावा. ओल्यांत उभें राहून त्यास स्पर्श करूं नये. तळघरांत ठेविलेली दुचाकी काढावयास उतरूं नये. वृद्धांचीं औषधें, कागदपत्रें व पिण्याचें पाणी वरच्या मजल्यावर न्यावें, आणि जिल्ह्याच्या आपत्ति-नियंत्रणकक्षाचा १०७७ व सर्वसाधारण मदतीचा ११२ हे दोन आंकडे मुलांस परवच्यासारखे पाठ करवावे. पूर ओसरल्यानंतरचे दिवस आम्ही सुखाचे समजतों, तेही तसे नसतात. हौदांत व विहिरींत शिरलेलें पाणी उपसून, निर्जंतुक करूनच वापरावें. पिण्याचें पाणी चांगलें उकळावें. पायास जखम असतां साठलेल्या पाण्यांतून हिंडणारास उंदरांच्या मूत्रावाटे पसरणारा लेप्टोचा ताप होतो, म्हणून पुरानंतर ताप आला कीं घरगुती काढ्यांवर दिवस न घालवितां वैद्याकडे जावें. आणि खेड्यांतल्या आमच्या वडिलोपार्जित मातीच्या भिंतींविषयीं एक गोष्ट ध्यानांत असावी: त्या पावसांत जितक्या पडतात तितक्याच पाऊस थांबून ऊन पडल्यावर पडतात. ओलीनें जड झालेलें धाबें उन्हांत सुकूं लागलें म्हणजे आजी आंत निजावयास जाते, आणि तीच वेळ वाईट असते.

सरकारास व महानगरपालिकेस आम्ही सोडून दिलें, असें कोणी म्हणूं नये. सन २०२१ पासून खामेच्या शुद्धीचें काम महानगरपालिका, छावणी मंडळ व कांहीं संस्था यांनीं हातीं घेतलें आहे. कचरा निघाला, काठ मोकळे झाले, लोक नदीकडे फिरावयास येऊं लागले, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे व त्याचें मनापासून अभिनंदन करितों. पण काठावर बाग करणें आणि पात्रास जागा देणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलींत आमची बसण्याची सोय आहे, दुसरींत नदीची. ज्या दिवशीं मकाई दरवाज्याच्या पुलावर, पाणचक्कीच्या पुलावर, आणि जेथें जेथें वस्ती काठास लागली आहे त्या घरांच्या भिंतींवर निळा व तांबडा पट्टा ठळक रंगविला जाईल, व प्रत्येक फरशी पुलाशीं पाण्याची उंची दाखविणारा खांब आणि आडवें टाकावयाचें फाटक उभें राहील, त्या दिवशीं हें काम पुरें झालें असें आम्ही म्हणूं. पट्टा रंगविण्यास फारसा खर्च नाहीं. अडचण निराळी आहे: तो रंगविला कीं काठच्या जागांचे भाव उतरतील, आणि त्या जागा ज्यांच्या आहेत ते सभेंत आमच्या शेजारींच बसतात. सन २००६ च्या ऑगस्टांत पैठणांत गोदावरी शिरली होती, तेव्हां पाणी कोणकोणत्या गल्लींत कोठवर चढलें याच्या खुणा भिंतींवर कायमच्या करून ठेविल्या असत्या, तर २०२५ मध्यें घर सोडावें कीं न सोडावें याचा वाद घालीत बसण्याची कोणावर पाळी आली नसती.

हा लेख लिहावयास घेतला तेव्हां आपलें घर आधीं पाहावें, असें वाटून आम्हीं आमच्या वसाहतीच्या जागेवर पूर्वीं ज्यांची ज्वारी होत असे त्या वृद्ध गृहस्थांस चहास बोलाविलें. चहा झाल्यावर ते काठी टेकीत बाहेर पडले आणि शेतांतला जुना ओढा कोठून जात होता तें त्यांनीं चालून दाखविलें. कोपऱ्यावरच्या वैद्यांच्या अंगणांतून ते निघाले, समोरच्या गणपतीच्या देवळामागून वळले, दोन बंगल्यांच्या मधल्या बोळांतून आले, आणि आमच्या स्वयंपाकघराच्या मागील भिंतीपाशीं येऊन थांबले. त्या भिंतीस दर श्रावणांत खालून ओल येते. आम्हीं तिला आजवर दोन वेळां रंग दिला आहे.